मफलरमध्ये रम किती?

माझ्या ताईने आयुष्यात दारूचा एक थेंब चाखला नाही. मग गरम सिरपच्या पातेल्यात रम किती ओतायची, हे तिला कळायचं कसं?

हा प्रश्न मी तिच्या तेराव्याला विचारला. पंगत बसलेली, भात वाढून झालेला, आणि मी मोठ्याने, "कोणाला माहितीये का, ताई रम किती घालायची?" वाढणाऱ्याचा हात हवेतच थांबला. आत्याला ठसका लागला. आई तर माझ्याकडे बघतच राहिली.

पण मला उत्तर पाहिजेच होतं. पंचवीस डिसेंबरला दुपारी चौकला चाळीस लोकांची ऑर्डर होती. चौक म्हणजे उत्तनजवळचं, समुद्राकडचं गाव. ऑर्डर ताईने घेतलेली, आणि ताई नव्हती.

उत्तर कोणीच दिलं नाही. ज्याला विचारलं त्याने किस्सा सांगितला! एकाचा ऐकून दुसऱ्याला आठवायचा. गेलेल्या माणसाच्या घरी शेजारपाजारचे डबे येतात ना, तसे किस्से येतात. नको म्हणता येत नाही, आणि सगळे संपतही नाहीत. आमच्याकडे एवढे साचलेत, की थोडे तुम्हीपण घ्या.

*

आधी ओळख. मी विकी, ताईचा विक्या. आठवीत शाळा सोडली, शाळेनेही परत हाक मारली नाही. सोनलताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. भाईंदरला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांना सांगायची, "गोड कमी खा," आणि घरी येऊन साखरेचं सिरप उकळायची!

आमच्याकडे थंडी म्हणजे काय, तर पंखा पाचवरून दोनवर. पण पंखा दोनवर आला की लोक कानटोप्या काढतात आणि ताई पातेलं काढायची. सुंठ-गुळाच्या सिरपला तिने नाव दिलं 'गोधडी'. संत्रं-लवंगेचं ते 'मफलर'. कडक कोऱ्या चहात सिरप घातलं की झालं मॉकटेल. वर रम गेली की कॉकटेल. कोणाच्या घरी पार्टी असली की ताई जाऊन बनवून द्यायची. मी मागून स्कूटरवर थर्मास आणि पातेलं घेऊन.

एक दिवस क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी पेशंटच्या हातात मफलरची बाटली बघितली. ताईला वाटलं, गेली नोकरी! डॉक्टरांनी बाटली उलटीसुलटी केली, लेबल वाचलं, आणि म्हणाले, "सोनल, दोन मला दे. आणि पेशंटना देत जा, आपल्या दोघांचा धंदा वाढेल!"

रम किती, हे मी डॉक्टरांनाही विचारलं. म्हणाले, "भूल किती द्यायची ते विचार. ते सांगतो."

*

खालच्या मजल्यावर जिग्नाभाभी राहतात. जैन आहेत. आलं चालत नाही, सुंठ चालते. म्हणून त्या गोधडीच्या फॅन. ताईने त्यांच्यासाठी पातेलं वेगळं, गाळणी वेगळी ठेवलेली.

त्यांच्या किटी पार्टीला वीस बायका. मी कप वाटले. एका आंटीने विचारलं, "बेटा, अदरक तो नहीं है ना इसमें?"

मी फटकन म्हटलं, "नहीं आंटी, सिर्फ रम है!"

जोक होता हो! पण वीसच्या वीस कप एकदम खाली. एक जण तर बेसिनकडे पळाली. जिग्नाभाभींचा चेहरा पांढराफटक.

ताई पुढे आली. थर्मासमधून कप भरला आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या, एका दमात प्यायली. कडकडीत गरम! डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. तेव्हा भाभी म्हणाल्या, "सोनल ने पिया मतलब साफ है. ये लड़की तो वाईनवाला केक भी नहीं खाती!" हळूहळू वीस कप परत उचलले गेले.

जिन्यात ताईने माझा कान धरला, तो आमच्या दारापर्यंत सोडला नाही. वर गेल्यावर मी विचारलं, "पण तू चाखत का नाहीस?"

भाजलेल्या जिभेनेच म्हणाली, "शिंपी काय गिऱ्हाइकाचे ब्लाऊज घालून बघतो?"

*

चौकची फिलोमिना मावशी भाईंदरच्या बाजारात मासे विकते. ताईशी ओळख तिथलीच. तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात तिने ताईला पहिल्यांदा घरी बोलावलं. मफलरची मोठी ऑर्डर, चाळीस माणसं, सगळं मावशीच्या स्वयंपाकघरात.

पातेलं उकळत होतं. ताई संत्री आणायला बाहेर गेली. मला वाटलं, बसून काय करायचं? उचलली रमची बाटली आणि ओतली अर्धी, चालू गॅसवर.

भप्प! ज्वाळा थेट छतापर्यंत. मी मागे पडलो तो भांड्यांच्या मांडणीवर. बाहेर बायका किंचाळतायत, कोणीतरी पाणी घेऊन धावतंय. मावशी शांतपणे उठली, गॅस बंद केला, परातीसारखं एक मोठं झाकण पातेल्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या दोन्ही भुवया गेलेल्या.

"अरं पोरा," ती म्हणाली, "नाताळ हाय. होळी न्हाय!"

तेव्हापासून नियम झाला. रम शेवटी जाणार, गॅस बंद करून, पातेलं खाली उतरवून, आणि ओतणार ताई. पण त्याच्याही आधी ताईचा स्वतःचा कप, बिनरमचा, बाजूला काढून ठेवायचा. मफलर तिला भयंकर आवडायचं. मग मी स्टुलावर बसायचो आणि ती समोर पाटावर. एक पळी रम पातेल्यात, एक घोट मला. परत एक पळी, परत एक घोट. कसं झालंय, असं तिने एकदाही विचारलं नाही. कधी पाच पळ्या, कधी नऊ, कधीच सारखं नाही. मधेच माझ्या हातातला पेला हिसकावून घ्यायची आणि पातेल्यावर झाकण.

"अगं, चढली नाहीये मला!"

"झालं तुझं काम. ऊठ."

मला वाटायचं, हिला भीती वाटते, भाऊ बेवडा होईल.

सगळ्यांना वाटून होईपर्यंत तिचा कप निवलेला असायचा. मग ती हाक मारायची, "विक्या, जरा गरम करून दे ना रे."

मी दरवेळी म्हणायचो, "का, तुझे हात मोडलेत?"

*

आता देसाई काका. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चौथ्या मजल्यावरच्या मिश्राजींशी सहा वर्षं बोलत नव्हते. कारण पार्किंग. एकाच लिफ्टमध्ये दोघं दोन भिंतींकडे तोंड करून उभे राहायचे.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी गच्चीवर पार्टी. ताई क्लिनिकमध्ये अडकणार होती. म्हणून दुपारीच तिने मला चाखवून बघितलं, रम मोजून एका बाटलीत भरली आणि माझ्या हातात दिली. "गच्चीवर गेलास की ही सगळी थर्मासमध्ये ओतायची. एवढंच काम आहे, विक्या. एवढंच!"

काय पार्टी झाली! दुसऱ्या कपाला देसाई काका नाचायला लागले. तिसऱ्या कपाला त्यांनी मिश्राजींना मिठी मारली. "मिश्राजी, गाडी लावा! माझ्या छातीवर लावा!" मिश्राजी रडायला लागले. दोघं एकाच खुर्चीत बसले. खुर्ची मोडली.

सकाळी मी स्कूटरची डिकी उघडली. संध्याकाळपर्यंत म्हणून ठेवलेली रमची बाटली आत. भरलेली!

मी धावत वर गेलो. ताईने बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खालीच बसली. हसून हसून तिला श्वास घेता येईना. तेवढ्यात बेल. दारात देसाई काका, डोक्याला रुमाल बांधलेला.

"सोनल, लिंबूपाणी आहे का गं? काल मात्रा जरा जास्तच झाली."

ताईने त्यांना लिंबूपाणी दिलं. दार लावून मला म्हणाली, "कोणाला बोललास तर बघ. सहा वर्षांनी बोलायला लागलेत."

तेराव्याला काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "रमचं प्रमाण विचारतोस ना? बाळा, त्या एकतीसला होतं ना, तेच ठेव. परफेक्ट!"

*

हा किस्सा नाही. पण मधे हा येतोच.

मंगळवारी ताप आला. शनिवारी ताई नाही. डेंग्यू. मी अजून बोटांवर मोजतो. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. एक हात झाला. एका हाताएवढ्या दिवसांत धडधाकट माणूस जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी हॉस्पिटलमध्ये ती म्हणाली, "विक्या, मावशीचं पंचवीसचं लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, "तूच कर घरी येऊन. माझ्या डोक्याला ताप नको."

ताप! तिला एकशे तीन होता तेव्हा.

रविवारी सकाळी पाणी प्यायला फ्रिज उघडला. समोर अकरा बाटल्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात 'मफलर'. माझं डोकं फिरलं. एकेक बाटली उघडली आणि सगळ्या मोरीत ओतल्या. आई दारात उभी होती. थांब म्हणाली नाही. मग हळूच म्हणाली, "ती मावशीची ऑर्डर होती रे. आधीच करून ठेवली होती."

तीन दिवस मोरीत मुंग्यांची जत्रा. खालून जिग्नाभाभींनी विचारलं, "पाईपमधून संत्र्याचा वास कसा येतोय?" आईने त्यांना सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाभी एक बाटली घेऊन आल्या. ताईच्या प्रत्येक लेबलवर खाली लिहिलेलं असायचं, 'बाटली धुऊन परत करा'. न धुता आणली तर दारातून परत पाठवायची! भाभी म्हणाल्या, "धोई नहीं है." अर्धी भरलेली होती. मग मिश्राजींची आली, पाऊण. देसाई काकांची, दोन बोटं. आणि डॉक्टरांच्या दोन आल्या, सीलबंद. मी बघतच राहिलो. "डॉक्टर, तुम्ही उघडल्याच नाहीत?"

डॉक्टर म्हणाले, "अरे, मी कुठे गोड खातो!"

तरी कमीच होतं. उरलेलं मी घरी बनवलं. साखर, संत्र्याची सालं, लवंग. सिरप मला येतं, सहा वर्षं ढवळलंय. घोडं अडलं होतं रमवर. फिलोमिना मावशीलाही विचारलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पंचवीसला ये. बघू."

निघताना वाटलं, आई अडवणार. घरात असं झालंय आणि हा लोकांना दारू पाजायला चाललाय. आईने थर्मासची झाकणं घट्ट केली आणि म्हणाली, "तिने शब्द दिलाय. सावकाश चालव."

*

चौकला पोचलो तेव्हा सगळे चर्चमधून येऊन, जेवून अंगणात बसले होते. मी सरळ स्वयंपाकघरात शिरलो. छतावर तो काळा डाग अजून तसाच होता.

कोरा चहा उकळला. सगळ्या बाटल्यांतलं सिरप घातलं. गॅस बंद करून पातेलं खाली उतरवलं. एक कप बाजूला काढला. मग स्टुलावर बसलो, आणि बसल्यावर कळलं की पळी कोणाच्या हातात द्यायची तेच माहीत नाही.

मावशी आत आली. पाट ओढला, माझ्या समोर बसली आणि पळी उचलली. "मी वतते. तू पी."

"मावशी, तुला प्रमाण माहितीये?"

"न्हाय."

एक पळी, एक घोट. मला काही चव लागत नव्हती. परत एक पळी, परत एक घोट. तिसरी. चौथी. मावशी पातेल्यात बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "मावशी, जास्त होईल. सांडशील." तिने ऐकलं नाही. पाचवी. सहावी. सातव्या घोटाला तिने माझ्या हातातला पेला हिसकावला आणि पातेल्यावर झाकण टाकलं.

मी ओरडलोच. "तुला कसं कळलं?"

"तुजी ताय कुटं बसायची?"

"तिथेच. तू बसलीयेस तिथे."

"मंग?"

एवढंच बोलून ती कप मांडायला उठली.

मी चाळीस कप भरले. अंगणात ट्रे फिरवला. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे कपात बघत होते. कोपऱ्यात मावशीचे दीर बसलेले. ते बोटीवर होते, आदल्या दिवशीच परतलेले, आणि त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. त्यांनी एक घोट घेतला, मान हलवली आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले,

"सोनल आली हाय वाटतं! हाय कुटं ती?"

मी ट्रे खाली ठेवला आणि आत आलो.

ओट्यावर तो एक कप तसाच होता, बिनरमचा. हात लावून बघितला. निवला होता.

मी काही न बोलता गॅस पेटवला आणि गरम करून दिला.