थरथरणारी जेली

टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोतल्या शेजारच्या काकांचं डोकं कुठल्या दिशेने चालतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मी तर साधी शेजारीण. माणूस मूळचा मालवणचा, केमिकल इंजिनियर म्हणून रिटायर झालेला, मासळीशिवाय घास न उतरणारा. आणि एक दिवस बघते तर काय, स्वारी दुकानातून माशांची नुसती कातडी घेऊन आलेली! "मासे कुठे गेले, काका?" "मासे कुणाला हवेत?" घ्या! माझी तर मतीच गुंग झाली.

मग गॅरेजमध्ये बादल्या मांडल्या गेल्या. कातडी खरवडायची, चुन्याच्या निवळीत भिजवायची, धुवायची, व्हिनेगरच्या पाण्यात घालायची, पुन्हा धुवायची आणि कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवायची. चुकून उकळी आली तर काकांचा अबोला. मासाही तळ्यात पाळलेला तिलापियाच हवा. थंड समुद्रातल्या माशाचं म्हणे नीट थिजत नाही. अहो, पण काय थिजत नाही? "मला विचारू नकोस गं," काकू नाकाला रुमाल लावून म्हणाल्या.

शेवटी काकांनीच सांगितलं. नातीचा सहावा वाढदिवस जवळ आला होता. मैत्रिणींच्या बर्थडेला लाल जेली असते, हिला मात्र घरचे खाऊ देत नाहीत, कारण त्यातलं जिलेटिन गाई-डुकरांचं. माशाचं चालतं! "मग चायना ग्रास घाला की," मी म्हटलं. काका भडकलेच. "त्याचा तुकडा पडतो. पोरीला थरथरणारी हवी आहे!"

वाढदिवसाला बॅकयार्डमध्ये जेली आली. काय सुरेख थरथरत होती! काकाही थरथरत होते. पण माशाच्या जिलेटिनला ऊन सोसत नाही, हे आनंदाच्या भरात ते साफ विसरले, आणि ऊन टेक्ससचं. मेणबत्त्या लावेपर्यंत बाऊलमध्ये सरबत! काकांचा चेहरा बघवेना. नात त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने सरळ स्ट्रॉ बुडवली. "आजोबा, इट्स जेली ज्यूस!" पोरांनी बाऊल चाटूनपुसून संपवला. काका आत जाऊन डोळे पुसून आले.

पुढे काकांच्या मुलाने जॉब बदलला आणि ती मंडळी न्यू जर्सीला गेली. काका अजूनही रविवारी जेली लावतात, व्हिडिओ कॉल केला की बाऊल फोनसमोर धरून टिचकी मारतात. "इट्स विगलिंग!" ती तिकडे खिदळते. कॉल संपला की बाऊल माझ्यापुढे येतो.

"खा गं, वितळायच्या आत. वास येतो का?"

येतो, थोडासा. पण "नाही हो, काका," म्हणत मी सगळी संपवते. रिकामा बाऊल ते लगेच धुवून ठेवतात, पुढच्या रविवारसाठी.