एकाच रंगाची खोली

आईच्या झोपायच्या खोलीत रंगांची नुसती खिचडी होती. पिवळा दरवाजा, हिरवं लोखंडी कपाट, लाल प्लॅस्टिकचं स्टूल आणि पलंगावर जांभळी चादर. वडील गेल्यापासून ती कोरेगावच्या घरात एकटीच राहते. मी सांगलीला, भाऊ पुण्याला. हल्ली झोप लागत नाही, असं ती फोनवर दोनदा म्हणाली आणि मला निमित्त मिळालं. खोलीत एकच शांत रंग असला की मन निवतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. शिवाय मला माझ्या आवडीनिवडीचा भारी अभिमान. दिवाळीच्या सुट्टीत मी रंगारी ठरवूनच कोरेगावात उतरले.

शेडकार्ड तिच्यापुढं धरलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"तुला आवडंल त्यो लाव."

मला बरंच वाटलं, वाद घालावा लागला नाही. मी राखाडीकडं झुकणारा फिकट निळा निवडला. भिंती, दरवाजा, कपाट, सगळं त्याच रंगात. पडदे, चादर, उशांचे अभ्रे आणि सतरंजी साताऱ्याला जाऊन जुळवून आणली. स्टूल माळ्यावर टाकलं आणि त्याच्या जागी छोटं टेबल ठेवलं, तेही निळं. चौथ्या दिवशी खोली तयार झाली. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "लय झाक झालंय." आत काही आली नाही. मी फोटो काढून भावाला पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात असताना पेला पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर पेला टेबलाच्या अलीकडं लोळतोय आणि आई भिंतीला हात लावून चाचपत पलंगाकडं निघालीय. मी दारात आलेय हे तिला कळलं नव्हतं. पलंग वीतभर लांब असतानाच ती वळली, बसायला गेली आणि खाली जमिनीवर बसली.

लागलं नव्हतं. उठवायला गेले तर म्हणाली, "सतरंजी सरकली." सतरंजी जागच्या जागी होती.

मी माझी फिकट गुलाबी ओढणी काढून तिच्यापुढं धरली. "ही कुठल्या रंगाची आहे?"

असं विचारणं दुष्टपणाचं होतं, पण दुसरं काही सुचलं नाही. तिनं ओढणीचं टोक बोटांनी चाचपलं.

"लाल आसती तर सांगितलं आसतं," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं झाली होती. साताऱ्याच्या डॉक्टरकडं ती एकटीच जाऊन आली होती.

"डोळ्याचा मागला पडदा खराब झालाय. गेलेली नजर परत येनार न्हाई म्हनले. भडक रंग तेवढा कळतो. पिवळं म्हंजे दार, हिरवं म्हंजे कपाट. हितं आता मला कायच सापडंना गं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर हितं ऱ्हाऊ दिलं आसतं व्हय तुमी?"

तिला पुण्याला नेऊन घर विकायचं भावानं केव्हाच मनात घेतलं होतं आणि मीही त्याला हो म्हटलं होतं. आईनं कबूल व्हायचाच काय तो अवकाश होता. मला स्वतःची लाज वाटली. पाच दिवस मी तिच्याजवळ होते आणि तेवढा वेळ खोलीच बघत होते.

संध्याकाळी भावाचा फोन आला. फोटो छान आलेत म्हणाला, आणि आईची तब्येत खरंच बरी आहे का, एकटीनं जमतंय का, असं विचारलं. आईनं माझं मनगट धरलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हणजे तोंड जिथं असेल असं तिला वाटत होतं तिथं.

"आई मजेत आहे," मी म्हणाले. "रंग मात्र माझा चुकला. उद्या रंगाऱ्याला परत बोलावते."