ताईचं गुंतवळ आणि आर्गॉनचा मारा

शनिशिंगणापूरच्या पट्ट्यात वाढलो असलो, तरी कोप, शाप, भूतखेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. घरातला पहिला पदवीधर मी. बेलापूरच्या शाळेतून इथवर आलो तो थोरल्या बहिणीमुळे. ताईनं शाळा सोडली, लोकांच्या कांद्यात खुरपलं आणि मी एम.एस्सी. झालो. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. तिथल्या मॅडमनी माझ्यासारख्याच्या हाती मशीन दिलं, हे उपकार मी विसरणार नाही.

मशीन काय करतं ते आधी सांगतो. भिंतीवर दगड मारला तर गिलावा फुटतो. पण भुसभुशीत ढेकूळ मारलं, तर ते स्वतःच फुटून पसरतं आणि वरचा चुना तेवढा उडवतं. आम्ही आर्गॉन वायूच्या हजारो अणूंचं असंच ढेकूळ नमुन्यावर मारतो – क्लस्टर आयन बीम. वरचा थर अलगद निघतो, रेणू फारसे न मोडता उडतात, त्यांचं वजन मोजून कुठे काय होतं याचं चित्र बनतं. फक्त एक आहे... निघालेला थर परत येत नाही. नमुना झिजत जातो.

ताईला पाथर्डीकडे दिली होती. गेल्या वर्षी माहेरी आली तीच आजारी – हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. दाजी येऊन घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. आम्ही पोचायच्या आत अग्नी दिला होता. रक्ताचा आजार होता म्हणाले. वर्ष सरायच्या आत दाजींसाठी दुसरी मुलगी बघायला लागले.

आमच्याकडे बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. केसांवर भांडी देणारी आली की तिला द्यायचं. ती आली तेव्हा आईनं ताईनं आजारपणात खोचलेलं गुंतवळ दिलं नाही. माझ्या हातात ठेवलं.

"तुजं यंत्र बारीकसारीक समदं बघतं न्हवं? मंग हे बघ."

बाकी केस तुटके होते, मूळ शाबूत असलेला एकच. मुळाकडचा भाग सगळ्यात ताजा. तो बीमखाली ठेवला... आणि स्क्रीनवर मुळाशी लख्ख पट्टा उमटला. उंदराच्या औषधातला, रक्त गोठू न देणारा रेणू. आईचाही केस लावून बघितला – स्वच्छ.

मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी लावून बघितली. मग म्हणाल्या, "कोर्टात हे टिकणार नाही रे. केस तिचाच कशावरून, विचारतील."

दुपारी आईचा फोन. मावशी दाजींच्याच गावात राहते, तिनं कळवलं होतं. "तुज्या दाजीच्या नाकातनं रगत आलं. लई आलं म्हनं."

"कधी?"

"आत्ता, जेवायच्या वक्ताला."

बीम चालू होता तीच वेळ. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण मॅडमच्या सांगण्यावरून खात्रीसाठी पुन्हा स्कॅन घेतला, तर या वेळी दाजींच्या हिरड्यांतून रक्त. नगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. विष नाही, आजार नाही, काही नाही.

मग दाजींची सुपारी ठरली. मुलीचे वडील ऊसतोडीला जाणारे, साधा माणूस. ताईला विष दिलं होतं, हे मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पाव्हनं, तुमचा राग आमाला समजतो. पन पोरीचं जमतंय, त्यात काडी घालू नका."

तिथून आलो आणि सुपारीच्या मुहूर्ताला मशीन बुक केलं. हो, मुद्दाम.

मावशी तिथं होती. दाजींनी नारळाला हात लावला आणि नाकातोंडातून धार लागली. पांढरा सदरा, ताट, सुपारी, सगळं लाल. मुलगी किंचाळली. तिच्या वडलांनी टोपी उचलली. "चला रं. हितं न्हाई द्यायची पोरगी." इकडे स्क्रीनवर पट्टा फिका होत गेला, आणि शेवटी केसाखालच्या सिलिकॉनच्या चकतीचाच सिग्नल उरला. माझा हात थांबला नाही.

केस संपला, दाजींचं रक्त मात्र अजून थांबलेलं नाही. सकाळी चूळ भरली तरी लाल. बीम बंद आहे, रिपोर्ट स्वच्छ आहेत... मग हे कशानं? मॅडम योगायोग म्हणतात. खरं सांगायचं तर मी दुसरं उत्तर शोधतही नाही.

परवा घरी गेलो होतो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दुखतं का रं त्याला?"

"दुखतं."

"बरं," म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.