वार्निशचा शेवटचा हात

गल्लीत त्यांना सगळे होडीशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि पोहता तर मुळीच येत नव्हतं. पण घरात पाहावं तिकडे होड्याच. कपाटावर होडी, खिडकीत होडी, एक तर पिठाच्या डब्यावर. जुन्या काळी तलावांवर भरधाव धावणाऱ्या लाकडी मोटारबोटींच्या या हातभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृती होत्या, आणि एकेक करायला त्यांना सहा-आठ महिने लागत.

तरुणपणी ते तलावाकाठच्या कारखान्यात खऱ्या होड्या बांधत. मग फायबरच्या होड्या आल्या, साच्यातून विटा पाडाव्यात तशा निघू लागल्या आणि कारखान्याला टाळं लागलं. हत्यारं घेऊन होडीशेठ घरी आले, दोन महिने ती गुंडाळलेलीच राहिली, आणि एक दिवस मोठी नाही तर लहान म्हणून कामाला बसले. बोटभर रुंदीच्या फळ्या वाफेवर वाकवल्या, पितळेचे स्क्रू बसवले, सीटला लाल चामडं लावलं, कोटाच्या बटणाएवढं सुकाणूचं चाक केलं. होडी झाली आणि त्यांनी तिला वार्निश लावलं. बायको पदर खोचून उभी होती. ती पॉलिशवाल्याची लेक.

"अहो, हे वार्निश लावलंय की पोतेरं फिरवलंय?"

त्या दिवशी तिनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला, तो कधी परत दिला नाही. लाकूड त्यांचं, चकाकी तिची, अशी वाटणी कायमची झाली.

वार्निशच्या दिवशी घरात तिचं राज्य. आधी फरशी ओली करायची म्हणजे धूळ उडत नाही. पंखा बंद. डोक्याला निळं फडकं घट्ट बांधायचं, एक केस बाहेर दिसता कामा नये. होडीशेठना उंबऱ्याबाहेर स्टूल, आणि शिंक आली तर थेट रस्त्यावर जायचं. एका होडीला वार्निशचे दहा हात. प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर घासून त्याची चकाकी घालवायची आणि मगच वर पुढचा हात. गुळगुळीतावर वार्निश धरत नाही, पुढंमागं सुटतं. इतकं चकचकीत केलेलं ती पुन्हा स्वतःच घासून टाकायची तेव्हा होडीशेठचा जीव खालीवर व्हायचा. ती म्हणायची, "जीव लावायचा तो शेवटच्या हाताला."

शेवटची होडी घड्याळजींची. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्यांचे वडील तलावावर तशीच मोटारबोट चालवत. ती हवी होती त्यांना, हुबेहूब. होडी बांधून झाली तेव्हा बायकोचा आजार हाताबाहेर गेला होता. औषधांनी केस मुठीमुठीनं गळत होते. तरी ती फडकं बांधून स्टुलावर बसायची आणि एकेक हात द्यायची. मुलगी ओरडायची, बाप अडवायचा नाही. एवढं एकच काम तिच्या चेहऱ्यावर रंग आणत होतं, ते काढून कसं घ्यायचं?

नववा हात देऊन ती झोपली ती उठली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर होडीशेठनी पॉलिश पेपर हातात घेतला आणि होडी उजेडात धरली. पुढच्या बाजूला, चाकाच्या जरा पुढं, वार्निशच्या आत एक केस होता. पांढरा, करंगळीएवढा, किंचित वळलेला. तीस वर्षांत तिच्या कामात धुळीचा कण सापडला नव्हता. होडीशेठनी पेपर खाली ठेवला. घासायचं म्हणजे हाच केस घासायचा होता.

त्यांनी घासलं नाही. ज्याला कालच ब्रश धरता आला तोही करणार नाही अशी चूक त्यांनी जाणूनबुजून केली. चकचकीत नवव्या हातावर तसाच दहावा चढवला, आणि केस सुखरूप आत राहिला.

"बाबा, पेपर मारलात ना?" मुलीनं विचारलं.

"मारला की," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कामाबद्दल खोटं बोलले.

घड्याळजी होडी घेऊन गेले आणि दुकानाच्या काचेत ठेवली. तिथं दिवसभर ऊन. जाता-येता होडीशेठ काचेपाशी उभे राहत, लोकांना वाटे म्हातारा आपल्याच कामावर खूश आहे. चार महिन्यांनी घड्याळजीच होडी काखेत घेऊन दारात आले, ओशाळल्यासारखे.

"होडीशेठ, राग मानू नका. पापुद्रा सुटलाय. आणि भिंगातून पाहिलं तर खाली एक केस दिसतोय. ब्रशचा असेल."

"तिच्या ब्रशचा केस कधी सुटला नाही," होडीशेठ एकदम ताडकन म्हणाले. मग खालच्या आवाजात, "तिचाच आहे तो."

मुलगी आतून आली. तिनं पापुद्र्याला नख लावलं, तसा दहावा हात सालीसारखा निघून आला. खाली आईचा नववा जसाच्या तसा लखलखत होता. पेपर मारला नव्हता हे तिला न सांगता कळलं. ती बापाकडे बघत राहिली.

घड्याळजी घाईनं म्हणाले, "राहू द्या हो तसंच. मला चालेल. खरंच चालेल."

"तुम्हाला चालेल," होडीशेठ म्हणाले. "तिला चालायचं नाही. असलं काम दाराबाहेर गेलेलं पाहिलं असतं तर मलाच बाहेर काढलं असतं तिनं."

घड्याळजी गेल्यावर त्यांनी पेपर घेतला. आधी मागची बाजू घासली, मग कडा, मग सीटभोवती. सगळी होडी पांढुरकी झाली, केसाभोवतीचा रुपयाएवढा तुकडा तेवढा चकाकत राहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, मी करू?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. डोळे मिटले आणि हात फिरवला. थोडीशी भुकटी झाली, बाकीच्या भुकटीसारखीच.

मग त्यांनी फरशी ओली केली. पंखा बंद केला. खुंटीवरचं निळं फडकं स्वतःच्या टकलावर बांधलं, तेव्हा मुलगी हसली आणि हसता हसता तोंड फिरवून बाहेरच्या स्टुलावर जाऊन बसली. ती द्यायची तसा, एका दमात, पुढून मागं, त्यांनी शेवटचा हात दिला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी होडी खिडकीपाशी नेली. होडीशेठ ती उजेडात फिरवून फिरवून बघत होते. कुठं ओघळ नाही, धूळ नाही.

"अगदी आईसारखं झालंय, बाबा."

"हो," ते म्हणाले. "काहीसुद्धा राहिलं नाही बघ." आणि होडी मुलीच्या हातात देऊन, आपल्या आसवांचा थेंब वार्निशवर पडू नये म्हणून, ते उंबऱ्याबाहेर जाऊन रडले.