चाचणीचे नंबर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांब टेबल आहे. एका बाजूला टेलिफोन कंपनीचे वकील, कोटाला सुरकुती पडेल म्हणून ताठ बसलेले. दुसऱ्या बाजूला नियामक कार्यालयाचे साहेब, पंख्याखाली असूनही घाम पुसताहेत. आणि टोकाच्या खुर्चीवर माझ्या नणंदबाई, नंबरांची यादी समोर धरून. मी तिथे नव्हते, पण वन्संनी हा प्रवेश मला इतक्यांदा करून दाखवलाय की खुर्च्यासुद्धा पाठ झाल्यात.

वन्सं त्या नियामक कार्यालयातल्या तपासनीस. कचेरीत त्यांना ‘दुर्बीण’ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. प्रत्येक टेलिफोन कंपनीने कमाईतला ठरलेला हिस्सा सरकारी निधीत भरला की नाही, हे पाहणं त्यांचं काम. चार घरांसाठी कुठलीच कंपनी जिथे तार ओढत नाही, अशा डोंगरातल्या वस्त्यांना त्या निधीतून फोन मिळतो.

या कंपनीने शेकडो नंबर ‘चाचणीचे’ म्हणून दाखवले होते. म्हणजे गिऱ्हाइकाचे नव्हेत, यंत्रं तपासायला ठेवलेले. त्यांच्यावर हिस्सा द्यावा लागत नाही. दुसरा कोणी शिक्का मारून मोकळा झाला असता. वन्संनी टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि यादीतला एकेक नंबर फिरवायला घेतला. पहिला न्हाव्याने उचलला आणि आज खूप गर्दी आहे, उद्या या, म्हणून सांगितलं. दुसरा उचलला सुईणीने. तिने हॅलोच्या आधीच विचारलं, कळा किती वेळाने येतायत? तीन आठवडे हेच चाललं. सगळी दर महिन्याला मुकाट्याने बिल भरणारी माणसं. घरी येऊन वन्सं भांडी आपटत त्यांच्या नकला करायच्या. मी रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली, पण रागाने असा थरथरणारा आवाज मला कधी लावता आला नाही.

कंपनी आधी गुरगुरली, मग तडजोडीला आली. थकलेलं सगळं भरतो म्हणाली, वर दंडही. फक्त करारात एक ओळ हवी: माहिती भरायचा तक्ताच संदिग्ध होता, त्यामुळे चुकून अशी नोंद झाली. तो तक्ता वन्संनी स्वतः आखलेला. म्हणजे चोरी यांची आणि वेंधळेपणा आमच्या वन्संचा! खोटं बोलून मीही पोट भरलंय, पण माझं खोटं ऐकायला लोक तिकीट काढून, ठरवून यायचे.

साहेब म्हणाले, करारावर तपासनिसाची सही नसेल तर हे कंपनीवाले कोर्टात जातील, दहा वर्षं लटकेल, वस्त्या वाट बघत बसतील. ते खरंच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

वन्संनी पर्समधून मोबाइल काढला, स्पीकर लावला आणि भर बैठकीत सुईणीला फोन केला.

“बाई, हा नंबर तुमच्याकडे किती वर्षं आहे?”

“नऊ. का, कोणाचे दिवस भरलेत?”

“नाही हो, इथे एक वकीलसाहेब अवघडलेत.”

साहेबांना ठसका लागला. वकिलांनी पेन काढून तक्त्याचा दोष खोडला, ‘चुकून’ खोडलं. पण शेवटी एक ओळ ठेवलीच: कंपनी कोणताही गुन्हा कबूल करत नाही. ती काढायला ते काही केल्या तयार होईनात. वन्संनी त्या ओळीखाली बोट फिरवत ती दोनदा वाचली. मग त्यांनी सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली.

वकील उठले, त्यांनी हात पुढे केला. सगळं गोडीत मिटलं, आता झालं गेलं विसरून जाऊ, असं काहीसं म्हणाले. वन्संनी त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

“पैसे येतायत, म्हणून सही केली. माफ केलं असं कुठे लिहिलंय, दाखवा.”