आईच्या वंदनेची चाल

आमच्या अंथुर्ण्याच्या वस्तीत पाली भाषा आली ती एका पातळशा पुस्तिकेतून. वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा आई नुकतीच नांदायला आली होती. वडील बुद्धवंदनेची एकेक ओळ वाचायचे आणि अक्षरओळख नसलेली आई दळता दळता ती पाठ करायची. जात्यावर तोंडात ओवीच बसलेली, त्यामुळे वंदनाही त्याच चालीत बसली. ओळीच्या शेवटी सूर लांबायचा, जात्याचा एक फेरा होईपर्यंत, मग पुढची ओळ. पुढं वस्तीत लग्न असो की मयत, आई सुरुवात करायची आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. अर्थ विचारला तर म्हणायची, "समदा न्हाय कळत. पर म्हटलं की पाठ ताठ व्हती."

मी वस्तीतली पहिली शिकलेली मुलगी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीत एका कचेरीत नोकरीला लागले आणि वर्षभरात माझ्या अंगात शहाणपण शिरलं. तिथल्या विहारात वंदना वेगळ्या चालीत म्हणत, संथ आणि एकसारखी. एकदा कुणीतरी म्हणालं, खेड्यातल्या बाया वंदनेची पार ओवी करून टाकतात. सगळे हसले. मीही हसले. ज्या जुन्या जगण्यातून आम्ही बाहेर पडलो, त्याचा वास आईच्या चालीला येतो असं मला वाटायला लागलं. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

पुढच्या सुट्टीत मी तिथल्या चालीची कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेले. बायांना विहारात बसवून आठ दिवस घोकून घेतलं. कुणाच्या तोंडून जुनी चाल आली की टेप मागं न्यायची, पुन्हा लावायची. तरुण पोरी लगेच शिकल्या. आईचा सूर मात्र ओळीच्या शेवटी लांबायचाच. तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत मी तिला म्हणाले, "आई, तू थोडे दिवस नुसती ऐक." ती "व्हय" म्हणाली आणि ओठ मिटून बसली. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

तीन-चार वर्षांनी थायलंडचे एक वयस्क भिक्खू आमच्या विहारात आले. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला सोबत एक गुरुजी होते. भिक्खूंनी वंदना म्हटली. शब्द आमचेच वाटत होते, पण चाल परकी, घशातून घुमणारी. आई एकदम सावरून बसली. मग भिक्खूंनी सांगितलं की ही भाषा या देशातून गेली आणि जिथं गेली तिथल्या लोकांनी ती आपापल्या गळ्यानं म्हटली. लंकेत निराळी, ब्रह्मदेशात निराळी. आणि त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाची चाल कोणती?"

सगळ्या बाया आईकडं पाहायला लागल्या. आई माझ्याकडं.

"आमचं चुकीचं व्हतं," ती भिक्खूंना म्हणाली, "पोरीनं बरुबर करून दिलंय."

तिच्या बोलण्यात राग असता तर परवडला असता. तिला माझं कौतुक होतं. आम्ही कॅसेटची चाल म्हटली आणि भिक्खूंनी हसून मान डोलावली. पिकतं तिथं विकत नाही, हे मी माझ्या घरातच खरं करून दाखवलं होतं.

ते गेल्यावर जुनी चाल म्हणून दाखव म्हणून मी आईच्या मागं लागले. एकदा बाजरी निवडताना तिनं सुरुवात केली. दोन ओळी म्हणाली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा थांबली.

"तुझी मधीच येती गं," ती म्हणाली. "कानात तीच बसलीया."

नंतर तिनं प्रयत्न केला नाही आणि विचारायचं धाडस मलाही झालं नाही.

नव्वदचं दशक सरता सरता आई गेली. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली आणि सुरुवात मी करावी असं बायांनीच ठरवलं. आज तिचीच चाल धरायची, असं मनाशी पक्कं करून मी उभी राहिले. डोळे मिटून शोधत राहिले. तिचे हात आठवले, बसण्याची ढब आठवली, आवाज काही केल्या येईना. शेवटी तोंड उघडलं तर कॅसेटचीच चाल बाहेर आली. मागून सगळ्या बाया म्हणायला लागल्या. कुणाची एकही चूक झाली नाही.