अंगावर फुलं होती म्हणून

‘ओरिजिनल’ हा शब्द कुणी उच्चारला की मला अजून शिसारी येते. शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. नव्वदच्या दशकात तो आमच्याकडे कौतुकानेच वापरला जायचा. आडगावच्या बाजूला आमचा मळा, फुलांचा आणि थोड्या भाजीचा. मळ्यातल्या घरात टीव्ही होता. कुणीतरी नाशकातून व्हीसीआर भाड्याने आणायचं आणि रविवारी दुपारी आसपासच्या मळ्यांतली माणसं आमच्या ओसरीत जमायची. कॅसेटवाल्याने ‘ओरिजिनल प्रिंट’ दिली असेल तर आणणारा ते दहादा सांगायचा. ओरिजिनल म्हणजे चित्र थरथरणार नाही, मधून पट्टे जाणार नाहीत आणि रक्त लाल दिसेल, शेंदरी नाही.

रक्त लाल दिसणं महत्त्वाचं होतं. पडद्यावर कुणाच्या पोटात सुरा गेला की पुढे बसलेली पोरं ‘परत, परत’ म्हणून ओरडायची आणि व्हीसीआरजवळ बसलेला कॅसेट मागे घ्यायचा. सुरा पोटातून बाहेर यायचा, माणूस सरळ उभा राहायचा आणि सुरा पुन्हा आत जायचा. आम्ही शेंगा फोडत बघत असायचो.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, तेवढा उठून जायचा. ‘गाईला पाणी दावतो,’ म्हणायचा. गाय नुकतीच पाणी पिऊन रवंथ करत बसलेली असायची. तालमीतला गडी, फुलांची गोणी एका हाताने उचलून खांद्यावर टाकणारा, आणि पिक्चरमधलं रक्त बघून गोठ्यात पळतो, यावरून त्याची काय टिंगल व्हायची! ‘अरे, टोमॅटोचा रस आहे तो,’ असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, ‘खोटं हाय ते मला बी कळतं. पण बघवत नाय.’ एवढं बोलून खरंच गाईजवळ जाऊन बसायचा.

पुढे मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले आणि लग्न होऊन नाशिक शहरात राहायला आले. दादा मळ्यावरच राहिला. आमच्या शहरातल्या घरात केबल होती. केबलवाल्याने स्वतःच्याच गावठी बातम्या सुरू केल्या होत्या, आणि त्या नेमक्या आमच्या जेवणाच्या वेळेला लागायच्या. नगरसेवकाचा वाढदिवस, नळाला पाणी नाही, आणि मग हायवेवरचा अपघात. झाकणं वगैरे काही नाही. कॅमेरा सरळ चाकाखाली. माझ्या सासूबाई चतुर्थीला चंद्र दिसल्याशिवाय घास न घेणाऱ्या, मुंगीवरसुद्धा पाय पडू न देणाऱ्या. एकदा पोळी मोडता मोडता त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, ‘हा तर कालचाच मेलेला दाखवतायत. आज काही झालं नाही वाटतं?’ शिळी भाजी वाढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर नवरा म्हणाला, ‘तू अगदी तुझ्या दादावर गेलीस.’

मग मोबाइलला कॅमेरा आला आणि केबलवाल्याचीही गरज उरली नाही. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर होते. मनाने भला माणूस. वर्गातलं पोर पडलं तर त्याला उचलून, रिक्षा करून स्वतः दवाखान्यात नेणारे. पण मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांचा मोबाइलही उघडायचा. कुठे रेल्वेखाली गेलेला, कुठे जमावाने मारलेला, कुठे विजेच्या तारेला चिकटलेला. ‘ब्लूटूथ चालू करा मॅडम, पाठवतो. ओरिजिनल आहे, पिक्चरमधलं नाही.’ ओरिजिनलचा अर्थ आता असा झाला होता. खरा माणूस, खरं मरण. मी एकदा फाडकन म्हणाले, ‘सर, जेवताना तरी मेलेली माणसं बाजूला ठेवा.’ सगळे हसले. मॅडम हळव्या आहेत, असं ठरलं. मग ते मला सोडून बाकीच्यांना पाठवायला लागले.

एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादा सकाळी झेंडूच्या दोन गोण्या मोटरसायकलला बांधून फुलबाजारात निघाला. हायवेवर मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं आणि ट्रक निघून गेला. दादा रस्त्याच्या कडेला पडला, एक पाय मोटरसायकलखाली. गोण्या फुटल्या.

मला फोन आला तेव्हा तो दवाखान्यात पोचलेला होता. मालेगावकडून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आणि त्याच्या बायकोने त्याला आणलं होतं. त्यांनी त्याला स्ट्रेचरवर ठेवलं, त्याच्याच मोबाइलवरून माझ्या वहिनीला फोन लावला आणि ते गेले. त्यांची भेट कधी झाली नाही. दादाच्या छातीला मार होता, त्याला बोलवत नव्हतं. पण डॉक्टरांना काळजी पायाची होती. घोट्याखाली रक्त पोचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘फार वेळ तसाच पडून होता हा. थोडं आधी आणलं असतं तर मी तुम्हाला शब्द दिला असता. आता दोन दिवस वाट बघू.’ वहिनी त्याच्या पायाशी बसली. मध्येच बोटांना हात लावून बघायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. गार होती. फुलांच्या शेतीत माणूस दिवसभर दोन पायांवर उकिडवा असतो. पाऊल गेलं तर मळा कोण करणार, हे आम्ही दोघीही मोठ्याने बोलत नव्हतो.

दसरा दवाखान्यातच गेला. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज द्यायला मी शाळेत गेले. मधली सुट्टी होती. माझ्या घरी काय झालंय ते अजून कुणाला माहीत नव्हतं. गणिताचे सर वांग्याची भाजी खाता खाता म्हणाले, ‘मॅडम, ही क्लिप तरी बघा. आपल्या आडगावची आहे. ओरिजिनल.’ आणि मी नाही म्हणायच्या आत त्यांनी मोबाइल माझ्या पुढ्यात सरकवला.

मोटरसायकल मी आधी ओळखली. मग चौकड्यांचा शर्ट. चेहरा रक्ताने आणि पाकळ्यांनी भरलेला, तो मात्र मलाही ओळखू आला नसता. छातीवर, पोटावर, मानेपाशी, सगळीकडे झेंडू, पिवळा आणि केशरी. भोवती पायच पाय, चपला, बूट. आणि मोबाइल धरणाऱ्याचा आवाज, अगदी जवळून: ‘गेला रे. बघ ना, फुलं बी टाकलीत कुणीतरी. हात नका लावू, पोलिसांची भानगड होईल.’ कुणीतरी वाकून नमस्कार केला. एक रुपया खणकन पडला.

म्हणजे असं झालं होतं. त्याचीच फुलं त्याच्या अंगावर सांडली, आणि मागून येणाऱ्यांना वाटलं की कुणीतरी मढ्यावर वाहिली आहेत. फुटलेल्या गोण्या शेजारी पडलेल्या. उद्या दसरा. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गाडीवर झेंडूच्या गोण्या बांधलेल्या. तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. अंगावर फुलं दिसली की हात जोडायचे, एवढंच यांना ठाऊक. फुलांच्या खाली माणूस आहे की मढं, हे वाकून बघायला कुणाला सवड होती? सगळे बघतच तर होते!

मग मला त्याचा हात दिसला. फुलांतून बाहेर आलेला. बोटं मिटत होती, उघडत होती.

‘सर, हा जिवंत आहे,’ मी म्हणाले.

‘नाही हो मॅडम. फुलं टाकलीत बघा.’

‘हात हलतोय.’

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ‘अरे, हो की! मी चार वेळा बघितली, पण हे लक्षातच नाही आलं.’ आणि शेजारच्या बाईंना हाक मारून म्हणाले, ‘या, या, हात हलतोय त्याचा. थांबा, परत लावतो.’

आवाजात आनंद होता. गणित सुटल्याचा असतो ना, तसा.

‘तो माझा दादा आहे,’ मी म्हणाले.

पुढचं मला नीट आठवत नाही. सरांचा घास हातातच राहिला होता. ते ‘मॅडम, मॅडम’ करत उभे राहिले आणि त्यांनी ती क्लिप पुसून टाकली. पण सकाळीच त्यांनी ती व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या स्टाफला पाठवलेली होती, आणि स्टाफने आपापल्या घरी. मी बेसिनपाशी गेले आणि मला भडभडून ओकारी झाली. रक्त बघून नाही. रक्त मी दवाखान्यात पुसलं होतं, त्याच्या कानातलं, केसांतलं, आणि तेव्हा मला काही झालं नव्हतं. मला ओकारी आली ती माणसांची. वांग्याची भाजी खात, बोटं चाटत, माझ्या भावाचा हात चार वेळा बघूनही न बघणाऱ्या चांगल्या, सुशिक्षित, सालस माणसांची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाऊल काढलं.

मग भेटायला माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत आहे. दोन मोसंबी, एक नारळपाणी आणि धीराचे दोन शब्द. या वेळी धीराचे शब्द नवीन होते. ‘आम्ही बघितलं हो तुम्हाला.’ ‘आमच्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे.’ ‘आम्हाला तर वाटलं, गेलातच.’ एक बाई, आमच्या लांबच्या नात्यातली, पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘त्यात कसे शांत दिसत होतात!’ मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. एवढ्या सगळ्यांनी आमच्या दादाला मेलेलं बघितलं, आणि हा कोण, कुणाच्या घरचा, असं त्यांपैकी एकानेही तेव्हा विचारलं नव्हतं. बघून झालं होतं, पुढे पाठवून झालं होतं. आणखी काय करायचं असतं?

दादा कुणाशीच बोलत नव्हता. त्याला थोडं थोडं बोलता यायला लागलं होतं, पण तो छताकडे बघत पडून राहायचा. फक्त मला आणि वहिनीला एकदा हळू म्हणाला, ‘ऐकू समदं येत होतं. आवाजच निघत नव्हता. म्हटलं, निदान हात तरी हलवावा.’ वहिनीने तोंड फिरवलं.

मग एका दुपारी पलीकडच्या गावचा पिकअपवाला आला. आमच्या भागातली भाजी बाजारात नेणारा, वर्षानुवर्षं ओळखीचा. दर दसऱ्याला गाडीला घालायचा हार दादाकडूनच घ्यायचा, आणि दादा त्याला चार फुलं जास्तच द्यायचा. मोसंबी स्टुलावर ठेवून तो बोलायला लागला तशी मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो आवाज मी ऐकला होता. ‘हात नका लावू, पोलिसांची भानगड होईल.’

मी काही म्हणायच्या आत त्यानेच सांगून टाकलं. लपवावं असं त्याला वाटलंच नव्हतं. ‘भाऊ, ती क्लिप माझ्याच मोबाइलवरची हाय. पार घोटीपर्यंत गेली. परवा इगतपुरीच्या माणसानं मलाच दाखवली.’ बोलताना चेहरा दुःखी होता, पण सुरात कुठेतरी मिरवणं होतं, लेकाचा पहिला नंबर आल्यासारखं. मग त्याला चादरीखालची मोकळी जागा दिसली आणि तो गडबडला. ‘तुम्ही हायेत हे म्हाईत असतं तर म्या उचलून नेलं असतं ना, भाऊ.’

‘आणि दुसरं कुणी असतं तर?’ मी विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. मोसंब्यांकडे बघत म्हणाला, ‘ताई, अंगावर फुलं व्हती. आम्हाला वाटलं, मेलेला हाय.’

मी तोंड उघडणार होते. त्या माणसाला काय काय सुनवायचं ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात दादाने माझ्या मनगटावर हात ठेवला. मान वळवून त्याने त्या माणसाकडे सरळ बघितलं, आणि दम खात, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, ‘मेलेला वाटला, तर तोंड झाकायचं असतं, गड्या. टॉवेल तर आत्ता बी हाय तुझ्या खांद्यावर.’